उन्हाच्या सावल्या मऊ कशा करायच्या? बाहेरच्या दृश्यांच्या रेंडरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड, परभणी इकडे आर्किटेक्चर शिकणारी मुलंमुली, लहान ऑफिसांत थ्रीडीचं काम करणारे, बिल्डरच्या माहितीपत्रकासाठी रात्र रात्र रेंडर (थ्रीडी मॉडेलवरून संगणकानं काढलेलं चित्र) लावणारे अशा सगळ्यांकडून सावल्यांबद्दल तेच तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. माझं मत आधीच सांगून ठेवते. बहुतेक वेळा सावली मऊ करायला सूर्य मोठा करावा लागत नाही, सावलीत उजेड भरावा लागतो. पुढच्या बऱ्याच उत्तरांत हेच वेगवेगळ्या बाजूंनी येईल.

माझ्या रेंडरमधली सावली कडक दिसते. नेमकं काय चुकतं?

‘कडक’ हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींना लावतो. एक म्हणजे सावलीची कड. ऊन संपून सावली सुरू होते ती रेघ किती तीक्ष्ण आहे? दुसरी म्हणजे सावलीचा काळोख. आतल्या भिंतीचा रंग, फरशीचे सांधे, पायरीची धार हे दिसतं का, की सगळं काळ्यात बुडालं आहे?

दोन्हींची कारणं वेगळी आहेत आणि सेटिंगही वेगळ्या. कड ठरते सूर्याच्या दिसणाऱ्या आकारावरून आणि अंतरावरून. काळोख ठरतो आकाश, जमीन आणि आजूबाजूच्या भिंती सावलीत किती उजेड टाकतात त्यावरून. मला दाखवायला आणलेल्या बहुतेक चित्रांमध्ये कड ठीक असते, काळोख जास्त असतो, आणि माणूस तासभर कडेशी झटत असतो. म्हणून सेटिंगला हात लावण्याआधी स्वतःला विचारा, मला खुपतंय ते रेघ की काळोख?

खऱ्या उन्हाची सावली किती मऊ असते?

आकाशात सूर्य सुमारे ०.५३ अंशाचा दिसतो. तो बिंदू नसून तबकडी आहे, म्हणून सावलीची कड कधीच पूर्ण तीक्ष्ण नसते. शाळेत ग्रहणाच्या धड्यात प्रच्छाया आणि उपच्छाया शिकलो, तेच आपल्या गच्चीच्या कठड्यालाही लागू आहे. जिथून सूर्याची पूर्ण तबकडी झाकली जाते ती प्रच्छाया, जिथून अर्धीमुर्धी दिसते ती उपच्छाया. उपच्छायेचा पट्टा म्हणजेच आपल्याला हवी असलेली मऊ कड.

हिशेब सोपा आहे. सावली टाकणारी कड आणि सावली पडणारी जागा यांच्यातलं अंतर किरणाच्या दिशेनं मोजा आणि १०८ ने भागा. १ मीटरला सुमारे ९ मिलिमीटर, ३ मीटरला जवळजवळ ३ सेंटिमीटर, १० मीटरला ९ सेंटिमीटर. जमिनीवर किरण तिरपे पडतात, तेव्हा हा पट्टा आणखी लांबतो.

उदाहरण घेऊ. जमिनीपासून ३ मीटरवर कठडा आहे. सूर्य ६० अंशांवर असताना त्याच्या सावलीची कड जमिनीवर ३.७ सेंटिमीटर पसरते. सूर्य ३० अंशांवर उतरला की ११ सेंटिमीटर. १० अंशांवर आला की ९० सेंटिमीटरच्या वर. कठडा तोच, सूर्य तेवढाच, पण संध्याकाळची सावली आपोआप मऊ होते. म्हणजे मऊपणा हवा असेल तर पहिला उपाय घड्याळ बदलणं हा आहे.

मोठ्या अंतराचा नमुना पाहायचा असेल तर वेरूळचं कैलास लेणं घ्या. लेणं पश्चिमाभिमुख आहे आणि मागचा पूर्वेकडचा कडा ३० मीटरच्या आसपास उंच. सकाळी त्या कड्याच्या माथ्याची सावली खाली उतरते तेव्हा तिची कड कित्येक वित भरते, आणि त्याच वेळी मंदिराच्या भिंतीवरच्या एखाद्या मूर्तीच्या कोपराची सावली अगदी धारदार असते, कारण ते अंतर बोटभर आहे. एकाच चित्रात धारदार आणि पसरट अशा दोन्ही कडा असणं ही खऱ्या उन्हाची खूण. सगळ्या कडा सारख्याच मऊ असतील तर पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण चित्र खोटं वाटतं.

मग सॉफ्टवेअरमध्ये सूर्याचा आकार किती ठेवू?

ब्लेंडरच्या सन लाइटमध्ये ‘अँगल’ नावाचा आकडा आहे. तो मुळातच ०.५२६ अंश असतो, म्हणजे खऱ्या सूर्याइतका. स्काय टेक्स्चर (सॉफ्टवेअरनं तयार केलेलं आकाश) वापरत असाल तर तिथे ‘सन साइज’ वेगळा, ०.५४५. अनरिअलच्या डायरेक्शनल लाइटमध्ये ‘सोर्स अँगल’ ०.५३५७ असतो. व्ही-रे आणि कोरोनात अंश दिसत नाहीत, ‘साइज मल्टिप्लायर’ असतो. तिथे १ म्हणजे खरा सूर्य. एन्स्केपमध्ये ‘शॅडो शार्पनेस’ची सरकपट्टी आहे.

दिवसाच्या स्वच्छ उन्हाच्या चित्राला मी खऱ्या आकाराच्या दुपटीपलीकडे सहसा जात नाही. म्हणजे ब्लेंडरमध्ये १ अंश, व्ही-रेत २. एवढी सूट घ्यायला हरकत नाही, कारण पातळ ढग किंवा धुरळा असला की सूर्याभोवतीचं आकाशही उजळतं आणि कड किंचित हलकी होते. ब्लेंडरमध्ये अँगल वाढवला तरी एकूण उजेड तेवढाच राहतो, त्यामुळे निर्धास्त करून पाहा.

यूट्यूबवर सगळे ५ किंवा १० अंश ठेवायला सांगतात. त्यात वाईट काय?

एखादी खुर्ची, कपाट, दागिना असं एकटं काही दाखवायचं असेल तर काही वाईट नाही. इमारतीला मात्र ते मारक ठरतं.

५ अंशांवर दर मीटरला जवळजवळ ९ सेंटिमीटर कड पसरते. खिडकीचा १२ मिलिमीटरचा गज घ्या. खऱ्या उन्हात त्याची गडद सावली सुमारे सव्वा मीटरपर्यंत टिकते. ५ अंशांच्या सूर्यात ती १४ सेंटिमीटरवरच विरून जाते. म्हणजे खिडकीतून खोलीत पडणाऱ्या गजांच्या रेघा गेल्या, सिमेंटच्या जाळीची नक्षी गेली, पत्र्याच्या शेडच्या कडेची नागमोडी सावली गेली. वास्तूला मोजमाप देणाऱ्या याच तर गोष्टी. त्या पुसल्या की दुमजली घर टेबलावर ठेवलेल्या खेळण्यातल्या घरासारखं दिसू लागतं. मोठ्या इमारतीवर इतकी पसरट सावली निसर्गात पडतच नाही, आणि डोळा हे ओळखतो.

शिवाय चकाकणाऱ्या वस्तू चुगली करतात. स्टीलच्या कठड्यावर, गाडीच्या टपावर, शेततळ्याच्या पाण्यात सूर्याचं प्रतिबिंब दहापट मोठं दिसतं.

सावली फारच काळी येते. काय करू?

हा खरा प्रश्न आहे, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी प्रमाण समजून घ्या. स्वच्छ दिवशी भर दुपारी उन्हात सुमारे १ लाख लक्स उजेड असतो आणि मोकळ्या जागेच्या सावलीत १० ते २० हजार. म्हणजे ऊन सावलीपेक्षा पाच ते दहापट उजळ. आपल्या रेंडरमध्ये हे तपासता येतं. एकच फरशी किंवा एकच भिंत निवडा, जिचा अर्धा भाग उन्हात आणि अर्धा सावलीत आहे. ब्लेंडरच्या रेंडर खिडकीत उजवं बटण दाबून धरलं की त्या ठिकाणचे आकडे खाली दिसतात. दोन्हीकडचे रेषीय, म्हणजे पडद्यासाठी रंग रूपांतरित होण्याआधीचे, आकडे घेऊन भागाकार करा. उत्तर पाच ते दहाच्या आत आलं तर सावली बरोबर आहे, तुम्हाला फक्त एक्सपोजर (चित्राचा एकूण उजळपणा) वाढवायचं आहे. वीस-तीस आलं तर सावलीत उजेड पोहोचत नाही. अरुंद बोळ किंवा खोल पडवी असेल तर मात्र दहाच्या वर जाणं साहजिक आहे.

उजेड का पोहोचत नाही? पहिलं कारण म्हणजे आकाशच नाही. ब्लेंडरची नवी फाइल उघडली की वर्ल्ड (दृश्याभोवतीचं आकाश) गडद राखाडी असतं. त्यात नुसता सूर्य टाकला तर सावली काळी येणारच. स्काय टेक्स्चर किंवा एचडीआरआय (आकाशाच्या खऱ्या उजेडाचा चौफेर फोटो) लावा. आकाश लावलंय पण त्याची ताकद ०.३ आणि सूर्याची १० अशी ठेवली असेल तरी तेच होणार. स्काय टेक्स्चरमधला सूर्य आणि आकाश एकमेकांच्या प्रमाणात असतात, ते प्रमाण मोडू नका. उजेड कमी-जास्त करायचा तो एक्सपोजरनं. एक सांभाळा: स्काय टेक्स्चरची सन डिस्क चालू आणि वेगळा सन लाइटही चालू, असं झालं तर दोन सूर्य होतात.

दुसरं कारण, जमीन नाही. पुष्कळ जण इमारतीखाली प्लॉटएवढीच जमीन ठेवतात आणि पलीकडे पोकळी. प्रत्यक्षात छज्जाच्या खालच्या बाजूला आणि पडवीच्या छताला जो उजेड मिळतो तो बहुतेक अंगणातून उसळून येतो. जमीन चारही बाजूंनी लांबवर पसरवा. समोरच्या घराची भिंत कॅमेऱ्यात येत नसली तरी उभी करा, साधा ठोकळा चालतो. गल्लीतल्या घराची सावली समोरच्या चुन्याच्या भिंतीमुळेच उजळते.

तिसरं कारण, रंगांचे आकडे. आपल्याकडची काळी माती आणि बेसॉल्ट दोन्ही गडद. पडलेल्या उजेडाचा दहावा हिस्सा परत दिला तरी पुष्कळ. पांढरी सफेदी ८० टक्क्यांच्या आसपास परत देते. टेक्स्चर निवडताना हे पाळलं पाहिजे. नेहमीच्या ० ते २५५ च्या मापात पांढऱ्या भिंतीला २३० च्या वर जाऊ नका आणि दगडाला ९० च्या आसपास ठेवा. लोक उलट करतात, भिंत २५५ आणि माती २०. मग उन्हातली भिंत जळते आणि सावली बुडते, आणि दोष सूर्याला जातो. काळ्या रानाच्या मधोमध उभ्या घराच्या सावल्या खरोखरच गडद असतात हेही लक्षात असू द्या. अंगणात शहाबादी फरशी किंवा मुरूम टाकला की त्याच घराची पडवी उजळते. रेंडरमध्ये जे करायचं तेच बांधकामातही करता येतं, आणि मालकाला चित्रावरून ते पटवताही येतं.

चौथं, बाउन्स, म्हणजे उजेड किती वेळा उसळतो तो आकडा. वेळ वाचवायला कुणीतरी डिफ्यूज बाउन्स १ वर आणलेला असतो. बाहेरच्या दृश्याला ३-४ तरी ठेवा. पडव्या, जाळ्या, खोल वाडे असतील तर आणखी.

शेवटचं, रंगांचं रूपांतर. ब्लेंडरमध्ये ‘स्टँडर्ड’ ठेवलं तर उजळ भाग लवकर जळतो, मग तुम्ही एक्सपोजर खाली ओढता आणि सावली मरते. २०२३ मध्ये ४.० आवृत्तीपासून ‘एजीएक्स’ मुळातच लागलेलं येतं, तेच राहू द्या.

एवढं सगळं केल्यावर सूर्याच्या आकाराला हात न लावताच सावली ‘मऊ’ वाटू लागते. एकदा करून पाहा.

सावली निळसर येते. चूक आहे का?

चूक नाही. सावलीत येणारा उजेड निळ्या आकाशाचा आहे. फार निळी वाटली तर जमिनीचा उसळता उजेड कमी पडतोय का ते बघा. लाल मुरूम किंवा वाळलेलं गवत खालून गरम रंग देतं आणि निळेपणा सावरतो.

आमच्याकडचं ऊन कसं बसवायचं? सॉफ्टवेअरमधलं ‘दुपार’ खरं वाटत नाही.

कारण बहुतेक वेळा ठिकाण दुसऱ्याच देशाचं असतं. आधी अक्षांश-रेखांश भरा. संभाजीनगर साधारण १९.९ उत्तर, ७५.३ पूर्व. लातूर १८.४ उत्तर, ७६.६ पूर्व. वेळेचा पट्टा ५.५ तास. भारताची घड्याळं ८२.५ रेखांशाची आहेत आणि आपण तिच्या पश्चिमेला, म्हणून संभाजीनगरात सूर्य डोक्यावर येतो तो सरासरी साडेबाराच्या सुमारास. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सव्वाबाराच्या आधी, फेब्रुवारीच्या मध्याला पावणेएकच्या जवळ. सॉफ्टवेअरमध्ये बारा वाजता सावली थोडी पश्चिमेकडे झुकलेली दिसली तर घाबरू नका.

डिसेंबरच्या शेवटी संभाजीनगरात भर दुपारीही सूर्य ४७ अंशांच्या वर जात नाही. सावल्या लांब, हवा स्वच्छ, दक्षिणेच्या भिंती उजळ. बाहेरच्या दृश्यांसाठी मला हाच काळ आवडतो. मेच्या मध्यापासून पुढच्या आठवड्याभरात एकेका गावावरून सूर्य नेमका डोक्यावरून जातो, शून्य सावलीचा दिवस तो हाच; जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तो पुन्हा येतो. मधल्या काळात दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो, म्हणून जूनमध्ये उत्तरेच्या भिंतीवर ऊन दिसलं तर ते बरोबर आहे. पण मे महिन्याची दुपार रेंडरसाठी घेऊ नका. छज्जाची सावली भिंतीवर सरळ खाली ओघळते, दर्शनी भाग सपाट होतो. सकाळी आठ-साडेआठ किंवा संध्याकाळी पाच-साडेपाच घ्या.

उन्हाळ्यातल्या धुळीसाठी आकाशातली ‘टर्बिडिटी’ किंवा ‘डस्ट’ वाढवा. व्ही-रेत हिवाळ्याच्या स्वच्छ सकाळीला २.५-३, एप्रिलच्या पांढुरक्या आकाशाला ५-६. यानं कड फारशी बदलत नाही, पण थेट ऊन उतरतं, आकाश पांढरं होतं, आणि ऊन-सावलीतला फरक कमी होतो. आपल्याला हवा तोच परिणाम, आणि तो आपल्या हवेचा खरा परिणाम.

झाडाखालची सावली डागाळलेली आणि टोकदार येते. लिंबाच्या (कडुनिंबाच्या) सावलीसारखी का दिसत नाही?

लिंबाखाली पारावर पडलेले उजेडाचे ठिपके कधी नीट पाहिलेत? ते गोल किंवा लंबगोल असतात. पानांमधली भोकं वेडीवाकडी असली तरी ठिपके गोल, कारण प्रत्येक लहान भोक सूर्याची प्रतिमा जमिनीवर पाडतं. खंडग्रास सूर्यग्रहणात हेच ठिपके चंद्रकोरीसारखे होतात. ७ मीटर लांबून येणाऱ्या किरणांचा ठिपका साडेसहा सेंटिमीटरचा असतो.

हे रेंडरमध्ये आपोआप येतं, पण तीन गोष्टी जपल्या तर. सूर्याचा आकार खरा हवा. शून्य ठेवला तर भोकांचे टोकदार आकार जसेच्या तसे उमटतात, ५ अंश ठेवला तर ठिपके विरून नुसता राखाडी डाग राहतो. झाडाची पानं खरी हवीत. एका चौकोनी पत्र्यावर अख्खी फांदी छापलेली आणि कडा पारदर्शक केलेली स्वस्त झाडं सावलीत ठोकळे पाडतात. जवळच्या एक-दोन झाडांना तरी चांगलं मॉडेल वापरा, लांबच्यांना काहीही चालेल. आणि पानातून उजेड आरपार यायला हवा, म्हणजे पानाच्या मटेरिअलमध्ये ट्रान्सलुसन्सी. त्याशिवाय झाडाचं पोट काळं दिसतं.

चिंच आणि बाभळीची पानं बारीक, त्यांची सावली विरळ आणि हलती. वड-पिंपळाची दाट. रानाच्या बांधावर बाभूळ दाखवायची आणि खाली वडाची गच्च सावली पाडायची, हे आपल्याकडच्या माणसाला लगेच खटकतं. परदेशी लायब्ररीतलं मेपल तर टाकूच नका.

शेडनेटची सावली कशी करायची? जाळी मॉडेल केली की रेंडर संपतच नाही.

जाळी मॉडेल करू नका. शेडनेटचं भोक काही मिलिमीटरचं असतं. ३ मीटर खाली जमिनीवर कडच ३ सेंटिमीटर पसरते, म्हणजे धाग्यांची नक्षी तिथे पोहोचतच नाही. एकसारखी, हिरवट, अर्धी सावली पडते. साधा पातळ पृष्ठभाग घ्या आणि नेट ५० टक्क्यांची असेल तर ५० टक्के पारदर्शक करा, ७५ ची असेल तर २५. हिरवा रंग थोडा आरपार येऊ द्या. जवळून दिसणारा भाग असेल तर तिथे जाळीचं टेक्स्चर लावा. शेडनेटची फक्त बाहेरची कड ओळखू येईल, ते बरोबर आहे.

विजेच्या तारांचंही असंच. १ सेंटिमीटरच्या तारेची गडद सावली एक मीटरभरात संपते. खांबावरच्या तारांच्या काळ्या रेघा रस्त्यावर दिसत असतील तर सूर्याचा आकार शून्यावर आहे.

एचडीआरआय लावला तरी सावली पुसट येते. कधी येतच नाही.

बहुधा त्या एचडीआरआयमधला सूर्य कापला गेलाय. खरा सूर्य आकाशाच्या तुलनेत इतका प्रखर असतो की फोटो काढताना पुरेसे कमी एक्सपोजर घेतले नसतील तर त्याची खरी ताकद फाइलमध्ये उतरत नाही. मग आकाश छान दिसतं आणि सावली मिळमिळीत. दुसरं कारण रिझोल्यूशन. ४के फाइलमध्ये एक पिक्सेल ०.०९ अंशाचा, म्हणजे सूर्य सहा पिक्सेलचा. १के मध्ये जेमतेम दीड पिक्सेलचा; तिथे कडेचा भरवसा धरू नका.

मी असं करते: ढगांचा, सूर्य झाकलेला एचडीआरआय आकाशाच्या उजेडासाठी घ्यायचा आणि सूर्य वेगळा लावायचा. उजेडाची दोन्ही टोकं आपल्या हातात राहतात. एचडीआरआयमध्ये सूर्य असेल तर वेगळ्या सूर्याची दिशा त्याच्याशी जुळवा किंवा त्याचा सूर्य पुसून टाका, दोन सावल्या होऊ देऊ नका. युरोपात घेतलेल्या एचडीआरआयमधला सूर्य अनेकदा आपल्या दुपारपेक्षा बराच खाली असतो. तो वर आणायला एचडीआरआय तिरका करू नका, क्षितिजही तिरकं होतं. फक्त उभ्या अक्षाभोवती फिरवा.

लुमियन, ट्विनमोशन, एन्स्केपसारख्या झटपट रेंडरमध्ये सगळ्या सावल्या एकसारख्या मऊ दिसतात. का?

ही सॉफ्टवेअर जलद चालावी म्हणून सावलीसाठी बऱ्याचदा शॅडो मॅप वापरतात. सूर्याच्या बाजूनं दृश्याची खोली एका चित्रात साठवायची आणि त्यावरून ऊन-सावली ठरवायची, ही लान्स विल्यम्स यांची १९७८ ची कल्पना. त्या चित्राची कड खडबडीत येते, म्हणून ती सगळीकडे सारखी पुसट करतात. त्यामुळे खांबाच्या पायथ्याशीही सावली मऊ आणि वीस मीटरवरही तेवढीच. २००५ मध्ये रँडिमा फर्नांडो यांनी अंतरानुसार पुसटपणा बदलणारी पद्धत मांडली आणि फरक पडला. आता रे ट्रेसिंग (एकेका किरणाचा माग काढून ऊन-सावली ठरवणं) चालू करता येत असेल तर तेच करा, अंतराचा हिशेब ते स्वतः सांभाळतं. ग्राफिक्स कार्डला झेपत नसेल तर सावली थोडी तीक्ष्णच ठेवा. खांब जमिनीवरून उचलल्यासारखा दिसण्यापेक्षा तीक्ष्ण कड परवडली.

सावलीच्या कडेला दाणे दिसतात.

मऊ कडेसाठी सॉफ्टवेअर सूर्याच्या तबकडीवरचे वेगवेगळे बिंदू निवडून किरण सोडतं. रॉबर्ट कुक, थॉमस पोर्टर आणि लॉरेन कार्पेंटर यांनी १९८४ मध्ये हीच वाट दाखवली. किरण कमी पडले की दाणे उरतात. सूर्य जितका मोठा तितके दाणे जास्त, म्हणजे ५ अंशांचा आणखी एक तोटा. सँपल (दर पिक्सेलमागचे किरण) वाढवा, मग डिनॉइझर (दाणे पुसणारं साधन) लावा. कमी सँपलवर डिनॉइझर लावला तर जाळीच्या सावल्या आणि पानांचे ठिपके तो गिळतो.

गोल खांबावर आणि घुमटावर ऊन संपतं तिथे पायऱ्या-पायऱ्यांचे काळे पट्टे येतात. सावली मऊ करूनही जात नाहीत.

जाणारही नाहीत, कारण ती मॉडेलची अडचण आहे. घुमट दिसायला गुळगुळीत असला तरी आत सपाट तुकडे असतात, आणि सूर्य तिरपा असेल तिथे तुकडे स्वतःवरच सावली टाकतात. तुकड्यांची संख्या वाढवा. ब्लेंडरच्या सायकल्समध्ये प्रत्येक वस्तूला ‘शॅडो टर्मिनेटर’चे आकडे आहेत, तेही मदत करतात. बीबी का मकबऱ्यासारखी घुमट-मिनारांची वास्तू करायची असेल तर हे आधीच बघून घ्या.

फोटोशॉपमध्ये सावली ब्लर केली तर?

करू नका. ब्लर अंतर ओळखत नाही, आणि सावलीबरोबर फरशीचे सांधेही पुसतो. फोटोशॉपमध्ये फक्त काळोख हलका करा, तोही थोडाच. त्यापेक्षा व्ही-रे किंवा कोरोनाच्या ‘लाइट मिक्स’मध्ये सूर्य आणि आकाश वेगवेगळे ठेवा, म्हणजे रेंडर झाल्यावरही प्रमाण बदलता येतं.

सर म्हणतात सावली तीक्ष्णच हवी. सायोग्राफीत (नकाशावर सावल्या रेखाटण्याच्या विषयात) तर ४५ अंशांची सरळ सावली काढायला शिकवलं.

सरांचं बरोबर आहे, त्या कामासाठी. सायोग्राफी आणि सूर्याचा अभ्यास यांत छज्जा किती खोल, सावली नेमकी कुठे संपते, हे मोजायचं असतं. तिथे कड स्पष्टच हवी. सूर्याचा आकार शून्य केला तरी चालेल. मालकाला दाखवायच्या चित्रात जागेचा अनुभव द्यायचा असतो. दोन्हींसाठी वेगवेगळ्या फाइल ठेवा.

पावसाळी ढगाळ दृश्यात सूर्य ठेवायचा की काढायचा?

दाट ढगात काढायचा. मानक ढगाळ आकाश डोक्यावर क्षितिजाच्या तिप्पट उजळ धरतात, म्हणून उजेड वरून येतो आणि सावली कडेविना वस्तूखाली साचते: बैलगाडीखाली, ओट्याच्या खाचेत, छज्जाच्या खाली. एकरंगी राखाडी वर्ल्ड लावलं तर हा वरचा जोर येत नाही आणि चित्र मळकट दिसतं, त्यापेक्षा ढगाळ एचडीआरआय घ्या. श्रावणात ऊन-पावसाचा खेळ दाखवायचा असेल तर सूर्य खऱ्या आकाराचा ठेवा, त्याची ताकद कमी करा, आणि कॅमेऱ्याबाहेर वर ढगाच्या आकाराचे पडदे टांगून त्यांची सावली शिवारावर पडू द्या. ते पडदे शेकडो मीटर उंच ठेवा, म्हणजे त्यांची कड आपोआप काही मीटर पसरेल.

माझा लॅपटॉप साधा आहे. एवढ्या चाचण्या करणार कशा?

पूर्ण चित्र रेंडर करूच नका. कॅमेऱ्यातला एकच तुकडा निवडा, ज्यात खांबाचा पायथा, छज्जाची सावली आणि सावलीतली भिंत तिन्ही येतात, आणि तेवढ्याच भागाचं रिजन रेंडर लावा. मटेरिअल सगळे एकाच मध्यम राखाडी रंगाचे करून आधी ऊन आणि आकाशाचं प्रमाण जमवा, मग खरे रंग चढवा. झाडं आणि गवत शेवटी चालू करा. रात्री मोठं रेंडर लावताना वीज जाण्याची भीती असेल तर चित्राचे तीन-चार आडवे पट्टे करून वेगवेगळे साठवा. एक गेला तरी बाकीचे हाती राहतात.